शेवटून पहिला

वजनदार माणसाने पाच किलोमीटरच्या शर्यतीत नाव नोंदवले, की घरात आणि कचेरीत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘छान! आता बघ कसा झरझर बारीक होतोस.’ दुसरा म्हणतो, ‘आधी बारीक हो, मग पळ.’ दोन्ही पक्ष हमरीतुमरीवर आले तरी खोट पोटात आहे, याबद्दल त्यांचे एकमत असते. या लेखाचे म्हणणे वेगळे आहे. पहिल्या शर्यतीची तयारी अर्धवट सोडणाऱ्या जाड नवशिक्याला त्याच्या पोटापेक्षा त्याचा वेग जास्त आडवा येतो. तो गरजेपेक्षा फार जोरात पळतो. तिसऱ्या मिनिटाला त्याला धाप लागते, तिसऱ्या दिवशी नडगी ठणकू लागते आणि तिसऱ्या आठवड्यात बूट पलंगाखाली जातात. बरे, एवढे जोरात तो हौसेने पळतो म्हणावे तर तसेही नाही. हळू पळताना लोक बघतात, ही लाज त्याला पळवते. तेव्हा तयारी करायची ती मांड्यांची थोडी आणि लाजेची जास्त, एवढे पटवता आले तरी हा लेख कारणी लागला म्हणायचा.

मराठी माणसाला हळू पळणे ठाऊक नसते, कारण ते त्याला कोणी दाखवलेलेच नसते. शाळेत पळण्याची गाठ पडते ती शंभर मीटरच्या स्पर्धेत, नाहीतर पीटीच्या सरांनी दिलेल्या शिक्षेत. पहिल्यात जोरात पळाले नाही तर बक्षीस जाते, दुसऱ्यात जोरात पळाले नाही तर फेरी वाढते. पुढे गावाकडच्या मुलामुलींची गाठ पडते पोलीस भरतीशी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि सेकंदासेकंदाला गुण. पहाटे डांबरी रस्त्यावर सराव करणाऱ्या या मुलांना ‘जरा हळू घ्या’ असे सांगणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडा असे सांगणे. वर्तमानपत्रात फोटो येतात ते सावरपाड्याच्या कविता राऊतचे, माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरचे. धावपटू कसा दिसतो हे त्यावरून मनात पक्के होते आणि त्या चित्रात ढेरीला जागा उरत नाही. शहरात पळणे उरते ते लोकल पकडण्यापुरते, जिन्यावरून फलाटापर्यंत, चाळीस-पन्नास पावले, जिवाच्या आकांताने. अशा रीतीने चाळिशीतल्या माणसाकडे दोनच चाली शिल्लक राहतात : एक रमतगमत आणि दुसरी गाडी सुटत असतानाची. शर्यतीच्या सरावाला उतरल्यावर पहिली चाल त्याला धावणे वाटत नाही, म्हणून तो दुसरी लावतो आणि समोर गाडी नसताना गाडी पकडायला निघतो. पन्नास पावलांत दम संपतो. पाच किलोमीटर मात्र जवळजवळ जसेच्या तसे पुढे असतात.

नवशिक्यांसाठीचा जगप्रसिद्ध कार्यक्रम म्हणजे ‘काउच टू फाइव्ह के’. जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने १९९६ साली तो आखला आणि पुढे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनेही तो उचलून धरला. नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी सुमारे अर्धा तास. पहिल्या दिवशी पाच मिनिटे झपाझप चालायचे आणि मग वीस मिनिटे आलटून पालटून साठ सेकंद पळायचे, नव्वद सेकंद चालायचे. बेरीज केली तर पळणे भरते आठ मिनिटे. नवशिक्याला हा आकडा अपमानास्पद वाटतो. साठच सेकंद पळायचे आहे ना, मग दाखवूनच देऊ, असे म्हणून तो त्या साठ सेकंदांत घराण्याची इज्जत पणाला लावतो. चालण्याच्या नव्वद सेकंदांत वळणावरून कोणी ओळखीचे आलेच, तर तो चालणे सोडून पुन्हा पळू लागतो. चालणे लपवण्याच्या काही सर्वमान्य युक्त्याही आहेत. बुटाची नाडी बांधायची, मोबाइलवर काहीतरी फार महत्त्वाचे वाचायचे, कंबरेवर हात ठेवून दूरच्या इमारतींची पाहणी करायची. एका फेरीत सहा वेळा बुटाची नाडी बांधणाऱ्याने एकदा हाताची नाडी पाहावी. अशांसाठी जेफ गॅलोवे हे नाव सांगून ठेवतो. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेला हा गडी. पळताना मध्ये मध्ये चालायचे, तेही दमल्यावर नव्हे तर दमण्याच्या आधीच, ठरवून, ही पद्धत त्याने आयुष्यभर लोकांना शिकवली. ऑलिंपिकवीराला चालण्यात कमीपणा वाटला नाही. तो वाटतो तो सोसायटीच्या फाटकासमोर.

मग योग्य वेग ओळखायचा कसा? मनगटावरचे महागडे घड्याळ हृदयाचे ठोके सांगते, स्ट्रावा नावाचे अ‍ॅप ते जगाला सांगते; पण सगळ्यात स्वस्त मोजमाप जिभेवर असते. पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आले की वेग ठीक. एकेक शब्द तोडून टाकावा लागला की वेग जास्त. व्यायामशास्त्रातही ही चाचणी मान्य आहे. आपल्याकडे तिचे प्रमाणीकरण सोपे आहे. महापालिकेने रस्ते कसे खणून ठेवले आहेत यावर कर्ता, कर्म, क्रियापदासह तक्रार करता येत असेल तर पळत राहावे, नुसतेच ‘खड्डा!’ एवढे बाहेर पडत असेल तर चालू लागावे. या चाचणीत भलेभले नापास झालेले आहेत. बिल बॉवरमन हा ओरेगॉन विद्यापीठाचा नामांकित धावप्रशिक्षक, पुढे नायकी कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक. १९६२ साली तो न्यूझीलंडला आर्थर लिडियर्ड या प्रशिक्षकाकडे गेला. लिडियर्डने ऑकलंडमध्ये सामान्य माणसांना, त्यातही हृदयविकारातून उठलेल्यांना, सावकाश पळायला लावण्याचा उद्योग आरंभला होता. एका रविवारी बॉवरमन त्या मंडळींबरोबर पळायला निघाला आणि थोड्याच वेळात मागे पडला. त्याच्या सोबतीला मुद्दाम मागे राहिला तो सत्तरी ओलांडलेला, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेला एक आजोबा. अमेरिकेच्या उत्तमोत्तम पोरांना पळवणाऱ्या माणसाला स्वतःला पळता येत नव्हते, कारण हळू पळणे त्याच्या अभ्यासक्रमातच नव्हते. बॉवरमनचा मोठेपणा असा, की त्याने लाज गिळली, परत जाऊन गावातल्या पोट सुटलेल्या लोकांचे वर्ग सुरू केले आणि १९६७ साली एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर जॉगिंगवर पुस्तक लिहिले. ते तडाखेबंद खपले. अमेरिकेत जॉगिंगची जी लाट पुढे आली तिच्या मुळाशी मागे पडलेला एक प्रशिक्षक आहे.

लोक हसतात त्याचे काय, असा प्रश्न येईलच. रविवारी पहाटे साडेपाचला रस्त्यावर लोक असतात किती? दूधवाला, पेपरवाला, एखादा रखवालदार. त्यांना आपापली कामे असतात. प्रेक्षक म्हणून खऱ्या अर्थाने लक्ष देतात ती भटकी कुत्री, आणि त्यांचे मत या लेखाच्या बाजूने आहे. सावकाश जाणाऱ्याकडे ती बहुधा मान वर करूनही बघत नाहीत. जोरात पळणाऱ्याच्या मात्र मागे लागतात. राहिले ते बाल्कनीत चहा पीत हसणारे. पण हसणाऱ्याने आधी थोडा हिशेब करावा. धावण्याचा खर्च ढोबळ मानाने वजनाच्या दर किलोला, दर किलोमीटरला एक कॅलरी असा पडतो आणि वेगाने त्यात फारसा फरक होत नाही. म्हणजे पाच किलोमीटरला पंचावन्न किलोचा विजेता पावणेतीनशे कॅलरी खर्च करतो आणि पंचाण्णव किलोचा नवशिका पावणेपाचशे. इथिओपियाच्या बेरिहू अरेगावीने २०२१ च्या अखेरीस बार्सिलोनात रस्त्यावरच्या पाच किलोमीटरचा विक्रम केला तो १२ मिनिटे ४९ सेकंदांत. पाऊल दोन मीटरचे धरले तर अडीच हजार पावलांत त्याचे काम संपले. आपला नवशिका पाऊण तास रस्त्यावर असतो, सात हजार पावले टाकतो, आणि दर पावलाला वजनाच्या दुप्पट-अडीचपट भार एका पायावर झेलतो. जास्त वेळ काम, जास्त ओझे आणि वर जास्त इंधन. ओव्हरटाइम कोणाला द्यायचा हे कोणतीही कामगार संघटना डोळे मिटून सांगेल. कुस्तीत ५७ किलोच्या मल्लाला १२५ किलोच्या मल्लासमोर उभे करीत नाहीत. धावण्यात मात्र सगळे एकाच पट्टीवर उभे राहतात. अमेरिकेतल्या काही स्पर्धांनी शंभर किलोच्या आसपासच्या आणि पुढच्या पुरुषांसाठी वेगळा गट केला आणि त्याला गाड्या ओढणाऱ्या धिप्पाड घोड्यांच्या जातीवरून ‘क्लाइड्सडेल’ नाव दिले. आपल्याकडे असा गट निघाला तर नावावरूनच दोन वर्षे वाद चालेल.

हा हिशेब नवशिक्याला मान देतो, पण घाई करायची मुभा देत नाही. उलट इथेच गुडघ्याचा आक्षेप उभा राहतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पळून गुडघे जातात, असे आपल्याकडे प्रत्येकाच्या मावशीला माहीत असते. पुराव्याची बाजू अशी : २०१७ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा गुडघ्याच्या वा खुब्याच्या सांधेझिजीचे प्रमाण हौशी धावणाऱ्यांत ३.५ टक्के आणि बैठ्या माणसांत १०.२ टक्के आढळले. मात्र स्पर्धेच्या पातळीवर धावणाऱ्यांत ते १३.३ टक्के होते. म्हणजे गुडघ्याला खुर्ची मानवत नाही आणि अतिरेकही मानवत नाही. जाड माणसाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. दम आठवड्या-दोन आठवड्यांत सुधारू लागतो. स्नायुबंध आणि हाडे तयार व्हायला महिने घेतात. छाती म्हणते, ‘चल अजून एक फेरी’, नडगी म्हणते, ‘कोणाला विचारून?’ डेन्मार्कमधल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा निघाला, की लठ्ठ नवशिक्यांनी पहिल्या आठवड्यात एकूण तीन किलोमीटरच्या पुढे पळू नये. पुढे गेलेल्यांत दुखापती जास्त होत्या. तीन किलोमीटर, आणि तेही आठवड्याला! आपल्याकडे एवढे पहिल्याच सकाळी उरकून त्याचा फोटो टाकला जातो. उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंग असते, उतावळ्या धावपटूच्या गुडघ्याला नी-कॅप. हृदयाचे भयही असेच तपासून घ्यावे. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात हाफ आणि फुल मॅरेथॉन धावलेल्या सुमारे एक कोटी नऊ लाख स्पर्धकांत हृदय बंद पडण्याच्या घटना ५९ होत्या, आणि प्रमाण हाफपेक्षा फुलमध्ये जास्त होते. धोका अगदी थोडा, पण शून्य नव्हे. म्हणून चाळिशीच्या पुढच्याने, रक्तदाब वा मधुमेह असलेल्याने आधी डॉक्टरांना दाखवावे. ते बहुधा सांगतील की चालण्यापासून सुरुवात करा, आणि कार्यक्रमही तेच सांगतो.

आता दुसऱ्या पक्षाचे म्हणणे घेऊ : आधी वजन उतरवा, मग पळा. या सल्ल्यात एक अडचण अशी, की तो देणारा स्वतः सहसा काहीच करीत नसतो. पण सल्ला सल्लागारावरून जोखू नये. खरी अडचण पंचांगाची आहे. मुंबईची मोठी मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून नऊ आठवडे मागे गेले की नोव्हेंबरचा मध्य येतो. फराळाचे डबे अजून तळ दाखवत नसतात. मग तुळशीचे लग्न आणि पाठोपाठ माणसांची लग्ने, हुरड्याचे बेत, एकतीस डिसेंबर. तिसरा रविवार पंधरा ते एकवीस जानेवारीच्या दरम्यान पडतो, म्हणजे संक्रांत शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात, नाहीतर शर्यतीच्याच दिवशी, दारात उभी असतेच. पावसाळ्यानंतरच्या शर्यती गाठायच्या तर वाटेत गणपती आणि त्यांचे मोदक. वजन उतरवण्यासाठी मोकळा महिना शोधत बसणाऱ्याला महाराष्ट्रात तो मिळणार नाही. ‘पळून बारीक होशील’ म्हणणाऱ्या पहिल्या पक्षालाही हे खाणेच आडवे येते. पाच किलोमीटर पळून मिळवलेल्या पावणेपाचशे कॅलरी दीड-दोन वडापावांत परत जमा होतात. नुसत्या पळण्याने माणूस झरझर बारीक होत नाही, आणि तशी आशा दाखवून सराव करायला लावले तर पहिल्या महिन्यात वजनकाटा हलला नाही की पळणेही थांबते. मग उपयोग काय? उपयोग असा, की दम आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात दिसले, की तंदुरुस्त माणसांच्या तुलनेत दम नसलेल्यांना मृत्यूचा धोका साधारण दुप्पट होता, मग ते जाड असोत की बारीक. काटा काय दाखवतो आणि काय लपवतो, याचे सुंदर उदाहरण पुण्याचेच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे दोघांचे छायाचित्र आणि मापे छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. भारतीय माणूस बारीक दिसूनही आतून सुखवस्तू असू शकतो, हे त्यातून निघाले. तेव्हा बाल्कनीतल्या सडपातळ प्रेक्षकाने आपल्या आतला मजकूर तपासल्याशिवाय खालच्या जाड माणसाला हसू नये.

‘एवढे हळूच जायचे तर मग चाला की! पैसे भरून शर्यतीत कशाला शिरता?’ हा आक्षेप सर्वांत चतुर आहे. चालणे उत्तमच, जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते आणि झपाझप चालण्याने तो कोटा भरतो. अडचण ‘झपाझप’ या अटीची आहे. आपल्याकडे टेकडीवर सकाळी चालायला जमणारे गट दोन महिन्यांत राजकीय चर्चामंडळ होतात आणि चार महिन्यांत त्यांचे कार्यालय उडप्याच्या हॉटेलात हलते. चालण्याला तारीख नसते, म्हणून ते उद्यावर ढकलता येते. शर्यतीला तारीख असते, ती दुसऱ्याने ठरवलेली असते, आणि घरात पाहुणे आले म्हणून ती पुढे जात नाही. त्यातून प्रवेशशुल्क भरलेले असते आणि अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेले असते, की ते परत मिळणार नाही. वैद्यकशास्त्राने हृदयासाठी कितीही औषधे शोधली असोत, मध्यमवर्गीय माणसाला पहाटे पाच वाजता अंथरुणातून उठवायला ‘पैसे भरलेत’ या दोन शब्दांएवढा गुणकारी उपाय अजून निघालेला नाही. त्या पैशांत टी-शर्ट मिळतो, बिब मिळते, पदक मिळते आणि शेवटी नाश्ता. पोह्यांची बशी पहिल्याला आणि शेवटच्याला सारख्याच आकाराची असते. खेळाच्या जगात अशी समता दुर्मीळ.

उरली ती सगळ्यात मोठी भीती, शेवटचा येण्याची. ब्रिटनमध्ये २००४ साली तेरा धावपटूंवर सुरू झालेल्या ‘पार्करन’ या शनिवारच्या उपक्रमाने तिच्यावर नामी तोडगा काढला. तिथे एक स्वयंसेवक नियमानेच सर्वांत मागून चालतो, त्यामुळे स्पर्धक कधी शेवटचा येतच नाही. आपल्या शर्यतींत असा माणूस नसेलही, म्हणून हा प्रश्न तर्काने सोडवावा लागेल. समजा, शंभर जणांनी नाव नोंदवले आणि शंभराव्याने ‘आपण शेवटचे येणार’ या लाजेने माघार घेतली. आता नव्व्याण्णवावा शेवटचा झाला. लाज त्यालाही आहेच, तोही घरी गेला. मग अठ्ठ्याण्णवावा. हाच न्याय पुढे चालवला तर वर्षानुवर्षे सराव केलेली, चपळ, काटक माणसे एकेक करून लाजून बाजूला होतील आणि पट्टीवर एकटा विजेता उरेल. त्याने तेरा मिनिटांत शर्यत पुरी केली, तरी आयोजकांच्या यादीत त्याच्या खाली कोणाचेच नाव नसेल. म्हणजे शेवटचा आला तो तोच. यावरून सिद्ध होते की शेवटचे कोणीतरी यावेच लागते, आणि ज्यांना पहिले यायचे आहे त्यांची सगळी भिस्त या कोणीतरीवर असते. हे कामही पाऊण तास, सात हजार पावले आणि पावणेपाचशे कॅलरी मागणारे आहे. तेव्हा ते लाजत, धापा टाकत, घाईघाईने उरकण्यापेक्षा महापालिकेबद्दल पूर्ण वाक्ये बोलत, दमादमाने केलेले बरे.